बोटींचे दिवे बनवणाऱ्यांना खुले पत्र: खोक्यावर ल्युमेन नको, कँडेला लिहा

प्रति,
होड्या, शिडाच्या बोटी आणि लहान नौकांसाठी दिवे बनवणारे व विकणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार,

हे पत्र एका हिरव्या दिव्यामुळे लिहितोय. मी लहान बोटींचं वायरिंग करतो. ओळखीच्या एका बोटमालकानं उजव्या बाजूच्या दिव्यातला जुना तारेचा बल्ब स्वतःच काढला आणि त्याच मापाचा एलईडी बल्ब तिथे बसवला. खोक्यावर ‘२५ वॅटच्या तोडीचा’, ‘लख्ख पांढरा’, ‘५०,००० तास’ अशी सगळी बिरुदं होती. बसवताना एक स्क्रूसुद्धा जास्तीचा लागला नाही, त्यामुळे मालक खूश. काळोख पडल्यावर मी धक्क्यावरून पाहिलं तर हिरवा दिवा हिरवा नव्हताच; बर्फाच्या लादीसारखा निळसर दिसत होता. बोटीच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, तिच्या डाव्या अंगाला चांगली दहा-बारा पावलं सरकलो, तरी तो दिसतच राहिला. बोटीच्या उजव्या बाजूचा दिवा हिरवा आणि डावीकडचा लाल असतो; तिथून फक्त लाल दिसायला हवा होता.

बल्बमध्ये दोष नव्हता. खोक्यावर लिहिलेला उजेड तो इमानेइतबारे देत होता. पण खोक्यावर जे लिहिलं होतं त्यातलं बोटीच्या कामाचं काहीच नव्हतं, आणि बोटीच्या कामाचं जे होतं ते कुणी लिहिलंच नव्हतं. माझं भांडण एवढंच आहे.

आधी एक कबुली देतो. जुन्या बल्बसाठी गळा काढणाऱ्यांतला मी नाही. शिडाच्या बोटीच्या डोलकाठीच्या टोकावर लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही रंग एकाच बल्बवर दाखवणारा दिवा असतो. त्यात २५ वॅटचा तारेचा बल्ब घातला तर १२ व्होल्टवर तो २ अँपिअरहून थोडा जास्त करंट ओढतो. बारा तासांची रात्र धरली तर झाले २५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा नेम आहे. म्हणजे वापरता येण्याजोग्या विजेतला अर्धा वाटा एकटा दिवाच गिळतो. रेडिओ, पंप आणि होकायंत्राच्या दिव्यानं उरलेल्यात भागवायचं. तेच काम एलईडी २-३ वॅटमध्ये करतो. बॅटरी वाचली हे खरंच, पण मोठा फरक माणसाच्या वागण्यात पडला. पूर्वी पहाटे बॅटरी उतरत आली की लोक दिवा मालवायचे आणि ‘इकडे कोण येतंय’ म्हणत कूस बदलायचे. आता नांगरावरच्या बोटीचा दिवा उजाडेपर्यंत चालू असतो. असा फरक दुसऱ्या कुठल्या उपकरणानं घडवलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. डोलकाठीतून वर गेलेल्या लांब, बारीक, हिरव्या पडलेल्या तांब्याच्या वायरीत १० टक्के व्होल्टेज गळालं, तर प्रकाश १० टक्क्यांनी नाही, ३० टक्क्यांनी घटतो. खाली बसलेल्याला वाटतं दिवा लागलाय; लांबून येणाऱ्याला तो मिणमिणता काजवा दिसतो. चांगला, स्थिर करंट देणारा ड्रायव्हर (आतलं छोटं सर्किट) असलेला एलईडी या गळतीला भीक घालत नाही. बॅटरी १२ व्होल्टवर असो की चार्जर लावून १४.४ वर, प्रकाश तोच. ‘चांगला’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. नुसता एक रेझिस्टर घालून विकलेला एलईडी इंजिन सुरू झालं की तापतो आणि एका हंगामात काळा पडतो. १२ व्होल्टची बोट कधीच नेमकी १२ व्होल्टवर नसते, हे तुमच्या कारखान्यात कुणाला तरी ठाऊक असेलच.

बाकीच्या तंत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचा निकाल बहुतेक लागलाय. हॅलोजन म्हणजे तारेचाच सुधारलेला भाऊ: थोडा जास्त उजेड, भरपूर उष्णता, आणि बोटाचा तेलकट डाग काचेवर पडला तरी रुसणारा. केबिनमधल्या छोट्या ट्यूब वीज कमी खायच्या, पण त्यांचा चोक रेडिओत खरखर करायचा आणि फुटल्या तर आत पारा. (एलईडीच्या खरखरीवर पुढे बोलणारच आहे, तक्रार जुनी आहे, गुन्हेगार बदललाय.) मेटल हॅलाइडला पूर्ण उजेडात यायला काही मिनिटं लागतात आणि गरम असताना विझवला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाण्यात पडलेला माणूस शोधताना असा दिवा काय कामाचा? झेनॉनच्या शोधदिव्याचं मात्र वेगळं आहे. त्याचा उजेड अगदी बारीक ठिपक्यातून येतो, म्हणून आरसा त्याला बाणासारखा सरळ दूर फेकू शकतो. एकूण उजेडात एलईडी त्याला गाठतो, पण चिपांचा पसारा मोठा असला की झोत फाकतो. लांबवर बोया (पाण्यावर तरंगती खूण) शोधायचा असेल तर ज्यांच्याकडे झेनॉन आहे त्यांनी तो एवढ्यात भंगारात काढू नये, असं माझं मत.

आता हिरव्या दिव्याकडे.

समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, अमलात आले १९७७ ला. आम्ही त्यांना कोलरेग म्हणतो. बाजूचा दिवा नाकासमोरच्या रेषेपासून ११२.५ अंशांत दिसला पाहिजे, पाठीमागचा १३५ अंशांत, डोलकाठीवरचा पुढचा पांढरा २२५ अंशांत. बाजूच्या दिव्याचा उजेड नाकासमोरची रेषा ओलांडल्यावर १ ते ३ अंशांत जवळजवळ संपायला हवा. ही काटेकोरी उगाच नाही. समोरून येणारी बोट आपल्याला नुसता लाल दाखवते की लाल-हिरवे दोन्ही, यावरूनच ती आडवी चालली आहे की थेट अंगावर येते आहे, हे रात्री कळतं. रात्रीच्या समुद्रावर बोटीला आकार नसतो, दिव्यांचे कोन असतात.

जुन्या दिव्यात हा कोन तारेमुळे मिळायचा. तार उभी, बारीक, आणि भिंगाच्या बरोबर केंद्रात. भिंग आणि आडोसा त्या तारेच्या जागेवरूनच बेतलेले असतात. तुमच्या बदली बल्बमध्ये तारेऐवजी एका दंडगोलावर चहूबाजूंनी चिप चिकटवलेल्या असतात. त्या केंद्रापासून काही मिलीमीटर बाहेर बसतात. भिंगाच्या दृष्टीनं उजेडाची जागाच हलली. मग कड पुसट होते, हिरवा लालच्या हद्दीत सांडतो, आणि समोरच्या माणसाला दोन्ही रंग दिसतात.

रंगाची कथा याहून मजेशीर आहे. तारेचा प्रकाश पिवळट, त्यात लाल भरपूर आणि निळा नावापुरता. त्या काळच्या भिंगकारांनी हिरवी काच त्याच प्रकाशासाठी बनवली: लाल-पिवळा अडवणारी, निळ्याकडे झुकलेली. पिवळा प्रकाश निळसर काचेतून गेला की हिरवा मिळायचा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळी चिप आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप. (ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) या प्रकाशात निळ्याचा एक टोकदार सुळका असतो, मग निळसर हिरव्याच्या जागी खड्डा, मग पिवळ्याचा उंचवटा, आणि लालकडे जाता जाता उतार. हा प्रकाश जुन्या हिरव्या काचेत घातला की काच निळा सुळका सोडून देते आणि नेमका हवा तो हिरवा मुळातच कमी असतो. लाल काचेमागे घातला तर लाल रंग ठीक येतो, पण तो उतारावरचा उरलासुरला. दिवा मंद होतो. नियमांच्या परिशिष्टात प्रत्येक रंगाची चौकट आकड्यांनी आखून दिली आहे. ‘हिरवा म्हणजे साधारण हिरवा’ असं तिथे चालत नाही.

उपाय तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे: हिरव्यासाठी हिरवी चिप, लालसाठी लाल चिप, आणि भिंग त्यांच्यासाठीच घडवलेलं. अख्खा दिवा एकत्र तपासून, एकत्र मान्यता घेतलेला. मान्यता दिवा, भिंग आणि बल्ब या तिघांच्या लग्नाला असते. नवरा बदलला की जुनं प्रमाणपत्र चालत नाही. मग ‘मान्यताप्राप्त दिव्यातही बसतो’ असं बदली बल्बच्या खोक्यावर छापताना तुमचा हात कसा अडखळत नाही? बसतो, हे खरं. बाटलीत बूचही बसतं.

ल्युमेनबद्दल. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश निघतो. समुद्रावरच्या माणसाला ‘सगळ्या दिशांना मिळून’शी देणंघेणं नाही, त्याच्या डोळ्याच्या दिशेला किती आला, ते कँडेला सांगतं. नियमही कँडेलातच बोलतात. १ सागरी मैलासाठी ०.९ कँडेला, २ मैलांसाठी ४.३, ३ मैलांसाठी १२, ५ साठी ५२, ६ साठी ९४. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खोटेच वाटले होते. दोन मैलांवरून दिसायला ४.३ कँडेला, म्हणजे जेमतेम चार मेणबत्त्या! पण डोळा काळोखाला सरावलेला असेल तर तेवढं पुरतं.

आता हिशेब करू. ४.३ कँडेला वर-खाली-चहूकडे सारखा पसरवायचा तर सुमारे ५४ ल्युमेन लागतील. तोच प्रकाश भिंगानं क्षितिजाच्या ५ अंश वर आणि ५ अंश खाली एवढ्याच पट्ट्यात बांधला, तर कागदावर ५ ल्युमेनच्या आत भागतं. एकाच कामाला ५ किंवा ५४, फरक केवळ भिंगाचा. म्हणूनच ३०० ल्युमेनचा बल्ब वाईट दिव्यात फुकट जातो आणि चिमूटभर उजेडाचा दिवा चांगल्या भिंगामागे मैलभर बोलतो. शिडाच्या बोटीला या पट्ट्याची रुंदी आणखी महत्त्वाची, कारण ती कलून चालते. तिच्यासाठी २५ अंश वर-खालीपर्यंत किमान निम्मी तीव्रता मागितली आहे. तुमच्या माहितीपत्रकात हा आकडा मी शोधून थकलो.

आणि जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षित, हेही डोक्यातून काढा. त्याच परिशिष्टात डोळे दिपतील एवढी तीव्रता ठेवू नका असंही बजावलंय. धक्क्याला लागलेल्या बोटींत हल्ली एखादा नांगरदिवा असा भगभगत असतो की शेजारच्या तीन बोटी त्याच्या झगमगाटात गायब होतात.

आता खरखर. एलईडीचा ड्रायव्हर करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, म्हणून तो गार राहतो आणि वीज वाचते. पण प्रत्येक तोडजोड ही रेडिओच्या भाषेत एक बारीक ठिणगी. तिचे पडसाद थेट व्हीएचएफपर्यंत, म्हणजे बोटीचा रेडिओ ज्या लहरींवर चालतो तिथपर्यंत, पोहोचतात आणि दिव्याची वायर त्यांची अँटेना बनते. डोलकाठीच्या टोकावर दिवा आणि अँटेना यांच्यात वीतभर अंतर असतं. चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, असतो १५६.८ मेगाहर्ट्झवर; एआयएस, म्हणजे आजूबाजूची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा, १६१.९७५ आणि १६२.०२५ वर. एका बोटीवर मालकाची तक्रार होती की रात्री एआयएसवर जहाजं फार उशिरा दिसतात. दिवसा सगळं ठीक. आम्ही रिसिव्हर बदलला, केबल बदलली, कनेक्टर पुन्हा डाख दिले. शेवटी कंटाळून त्यानं नांगराचा दिवा बंद केला आणि पडदा जहाजांनी भरला.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस यांच्या ग्रहणात अडथळा येतो म्हणून खास सुरक्षा इशारा काढला होता. त्यात दिलेली तपासणी कुणीही करू शकतो: एलईडी दिवे बंद करा, रेडिओ शांत चॅनलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) अशा जागी आणा की खरखर जेमतेम थांबेल, मग दिवे लावा. रेडिओ पुन्हा खरखरला तर चोर सापडला. पाच मिनिटांचं काम. मी आता प्रत्येक नव्या दिव्याला हे करतो आणि आलेल्यांपैकी बरेच परत पाठवतो. ड्रायव्हरला चांगला फिल्टर, वायरीवर एक फेराइट (खरखर शोषणारं कडं), धातूचं कवच एवढ्यानं प्रश्न सुटतो. घराच्या दिव्यांच्या मापाची चाचणी करून तो दिवा बोटीच्या म्हणून विकला की प्रश्न माझ्या पदरात येतो. बोटीच्या उपकरणांसाठी आयईसी ६०९४५ हे मानक आहे. त्यात व्हीएचएफच्या पट्ट्यासाठी मर्यादा जास्त कडक आहे. ती चाचणी केली असेल तर अभिमानानं छापा. केली नसेल तर ‘मरीन’ हा शब्द तरी छापू नका.

आणि तुमचे ते ५०,००० तास. रोज बारा तास धरले तर अकरा वर्षांहून जास्त. पण हा आकडा बहुधा चिपचा असतो, आणि त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो, असा. नवा असताना दिवा नेमका ४.३ कँडेलाचा असेल, तर तेव्हा तो ३ वर येईल, म्हणजे दोन मैलांचा दिवा राहणार नाही. शेवटपर्यंत दोन मैल हवे असतील तर सुरुवातच ६ च्या पुढे करायला हवी. तुमच्यापैकी किती जण हे धरून चालतात? चिपच्या आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर जातो किंवा होल्डरच्या पायांना मीठ चढतं, ते तर वेगळंच. आयपी ६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. खाऱ्या हवेत आणि उन्हात पाच वर्षं नव्हे.

तारेचा बल्ब जाताना निरोप घेऊन जायचा. लागत नाही म्हणजे गेला. एलईडी हळूहळू मावळतो आणि वीज तेवढीच खात राहतो, त्यामुळे पॅनलवर काही कळत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००७ च्या ठरावात हे नेमकं हेरलं: उजेड ठरलेल्या पातळीखाली गेला की इशारा देणारी सोय ठेवा, नाहीतर बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीतच तो दिवा वापरा. मोठ्या जहाजांसाठी हे पाळलं जातं. लहान बोटीच्या खोक्यावर मात्र मुदत नसते, ५०,००० तास असतात. याहून वाईट म्हणजे अर्धमेला दिवा. चिपांची एक माळ गेली की एका बाजूला अंधार. डेकवरून मान वर करून पाहिलं तर दिवा लागलेला दिसतो. ज्या बाजूनं तो दिसत नाही त्या बाजूला आपण कधी उभे राहत नाही.

केबिनबद्दल थोडंच सांगतो. काळोखाला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झपकीत ती कमाई जाते. लाल उजेड त्यासाठी चांगला, पण नकाशावरच्या जांभळट-गुलाबी खुणा लाल उजेडात दिसेनाशा होतात, म्हणून मला अतिमंद पांढराही हवा असतो. तुमचे मंद करता येणारे दिवे नेहमी पूर्ण उजेडावर का सुरू होतात? खालून सुरू होऊन वर जाऊ द्या. आणि नाळेवर शोभेच्या लाल-हिरव्या पट्ट्या विकणाऱ्यांनी कोलरेगचा नियम २० एकदा वाचावा: दिशादर्शक दिव्यांशी गल्लत होईल असा कुठलाही दिवा रात्री दाखवायचा नाही.

माझं मागणं फार नाही. दिशादर्शक दिवा असेल तर तो सीलबंद, एकसंध विका; केबिनचा असेल तर बल्ब बदलता येऊ द्या, तिथे कोन चुकला तर फार तर बटाटे वाकडे चिरले जातील. खोक्यावर आडव्या दिशेचा कँडेला छापा, वर-खालीचा पट्टा छापा, चालणाऱ्या व्होल्टेजची खालची-वरची हद्द छापा, रेडिओची चाचणी छापा आणि एक तारीख छापा, ज्यानंतर तो दिवा उतरवायचा. आणि बदली बल्ब विकायचाच असेल तर कोणत्या दिव्यात, कोणत्या रंगाच्या काचेमागे तो तपासलाय, तेही. जागा कमी पडत असेल तर ‘लख्ख पांढरा’ खोडा.

त्या बोटमालकाच्या दिव्यात मी सध्या पुन्हा जुना तारेचा बल्ब घातलाय आणि तुमचा एलईडी त्याच्या संडासात लावलाय. तिथे तो खरोखर लख्ख दिसतो. माझ्या पत्र्याच्या डब्यात असे तारेचे चार बल्ब उरलेत, आणि पुढच्या हंगामाआधी सहा बोटी यायच्या आहेत.

आपला,
एक बोटींचा वायरमन